रिकाम्या खणातली वीट

ते कधी ओरडले नाहीत, हीच तर पंचाईत होती. ओरडणाऱ्या माणसाची सवय होते. माझे वडील ओरडत, धारच्या शाळेतले हेडमास्तर ओरडत, पुढे सासरेही ओरडणारेच मिळाले. या तिघांनी माझे कान असे तयार केले होते की आरडाओरड सुरू झाली की मला उलट पेंग यायची. पण देवासच्या दफ्तरात हा माणूस माझ्या खुर्चीमागे येऊन उभा राहायचा आणि अगदी हळू विचारायचा, "याला अजून कोण बोलावतंय, पाहिलंत?" की माझा टाक कागदावर शाई सांडायचा. आज सत्तरी ओलांडली, तरी कपाटातून एखादी वस्तू काढून टाकताना मी मागे वळून बघतो.

ते आमचे रेकॉर्डकीपर होते. कुठल्या खात्याचे ते सांगत नाही. त्या खात्यात अजून माझ्या ओळखीची माणसं आहेत आणि मला म्हातारपणी पत्रव्यवहार नको आहे. चपरासी त्यांना "गाँठवाले बाबूजी" म्हणत. मी काका म्हणायचो, कारण आमच्या घरी कुठल्याही वडीलधाऱ्या परक्या माणसाला काकाच म्हणत. उंच, वाळकुडे, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि कोटाच्या खिशात नेहमी सुतळीचं रीळ.

मी धारहून देवासला गेलो तेव्हा देवास नुकतं एक झालं होतं. आता कुणाला सांगितलं तर थट्टा वाटते, पण त्या एका गावात दोन संस्थानं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन दरबार, दोन कचेऱ्या, आणि काही ठिकाणी तर रस्त्याची ही बाजू एकाची नि ती बाजू दुसऱ्याची. विलीनीकरण झालं तसे दोन्हीकडचे कागद एका इमारतीत आणायचे ठरले. धाकटीचे आधी आले, थोरलीचे गाड्यागाड्यांनी येत होते. खरी गोम अशी की दोन्ही दरबारांची कागद लावायची रीत एकच होती. दोघंही फौजदारी कागद सातव्या कपाटात ठेवत आणि आत नावांच्या अक्षरांप्रमाणे खण पाडत. म्हणजे कपाट सात, खण तीन हा पत्ता दोन्हीकडे होता, आणि गाव एकच असल्यामुळे त्या पत्त्यावर राहणारी नावंही तीच.

पूर्वी थोरलीचे बस्ते, म्हणजे कागदांची गाठोडी, लाल खारव्यात बांधलेले असत आणि धाकटीचे पांढऱ्या मांजरपाटात. नव्या सरकारने सगळ्यांना एकच खाकी कापड पाठवलं. काका ते ठाण हातात घेऊन बराच वेळ उभे होते. "सावत्र भावांना एका कापडाचे सदरे शिवले," ते म्हणाले, "आता पाठमोरा कोण ते कळायचं कसं?" मी हसलो. ते हसले नाहीत.

गाठींचं सांगतो. कुठल्याही कागदात "अमुक बस्ता पाहा" असं लिहिलेलं सापडलं की काका त्या अमुक बस्त्याच्या नाडीला एक गाठ मारत. ते प्रकरण निकाली निघालं की जाऊन एक गाठ सोडत. चार ठिकाणांहून बोलावणं असलं तर चार गाठी. नाडी सरळ झाली, एकही गाठ उरली नाही, की मगच तो बस्ता जाळण्याच्या ढिगात. "गाठ आहे तोवर जीव आहे," असं ते म्हणत. जुन्या रद्दीवर इतकी माया करणारा माणूस मी पाहिला नव्हता, आणि मायेच्या माणसाची मला इतकी भीती का वाटावी हेही तेव्हा उमगलं नाही. आता वाटतं, मी कामात कच्चा होतो आणि ते त्यांना दिसत होतं, एवढंच.

एकदा मला दोन बस्ते सापडले. एका विहिरीवरून भांडणाऱ्या दोन घरांचे. पहिल्यात लिहिलेलं, दुसरा पाहा. दुसऱ्यात लिहिलेलं, पहिला पाहा. दोन्ही घरं केव्हाच गाव सोडून गेलेली, विहीर बुजलेली. दोन्ही नाड्यांना एकेक गाठ. मी मोठ्या हुशारीने ते काकांपुढे ठेवले. म्हटलं, "काका, हे दोघं नुसते एकमेकांना बोलावतायत. बाहेरचं कुणी नाही. तुमच्या हिशेबाने हे कधीच मरायचे नाहीत."

काका विचारात पडले. "खरं आहे. इथे माझी रीत फसते," ते म्हणाले. मग नाड्या पुन्हा बांधता बांधता म्हणाले, "मी आणि माझी आई असेच आहोत. आम्हाला तरी तिसरं कोण बोलावतं?" आणि ते बस्ते परत जागेवर गेले. घरी जाऊन मी हे गंमत म्हणून बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "यात गंमत काय आहे?" आणि पोळ्या लाटायला लागली.

त्यांच्या आईला मी एकदाच भेटलो. नव्वदीच्या घरातली बाई, पण बोलणं खणखणीत. काका घरीही तसेच होते. धोतराच्या सोग्याला गाठी, दुधाच्या भांड्याच्या कडीला सुतळी. म्हातारी मला म्हणाली, "बस हो बाळा. हा असा आहे. याला विचारल्यावाचून मी अजून मेलेसुद्धा नाही." काका मान खाली घालून चहा पीत होते. त्या दिवशी मला त्यांची भीती जरा कमी वाटली, पण दुसऱ्या दिवशी दफ्तरात पाऊल टाकलं आणि ती जशीच्या तशी परत आली.

आता विटा. जाळलेल्या बस्त्याची जागा काका दुसऱ्या बस्त्याला देत नसत. त्या खणात एक भाजलेली वीट ठेवत. विटेवर खडूने एक आकडा असायचा, आणि तो आकडा घेऊन नाश-यादी उघडली की तिथे काकांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं असायचं, काय जाळलं आणि का. वर्ष, दोन वर्षं, कधी त्याहून जास्त ती वीट तशीच. मला हे अति वाटायचं. गाठी सुटल्यावरच जाळता ना, मग वीट कशाला?

"गाठी मला ठाऊक असलेल्यांच्या," काका म्हणाले. "कुठल्या तरी जुन्या यादीत, कुणाच्या तरी वहीत हा पत्ता अजून लिहिलेला असेल, तो मला ठाऊक नाही. तो माणूस एक दिवस येणार आणि या खणात हात घालणार. हाताला वीट लागली तर तो थांबेल. दुसऱ्याचा बस्ता लागला तर तो वाचायला लागेल."

शेवटचे शब्द त्यांनी इतके हळू उच्चारले की मी उगीचच दाराकडे बघितलं.

मग त्यांची आई गेली. काका अस्थी घेऊन नेमावरला नर्मदेवर गेले आणि दिवसकार्य उरकेपर्यंत येणार नव्हते. दफ्तर माझ्या हवाली. नेमक्या त्याच आठवड्यात थोरलीच्या कागदांच्या दोन गाड्या दारात उभ्या राहिल्या. आमचे साहेब ग्वाल्हेरकडचे, नवे, घाईचे. आत आले, कपाटांवरून नजर फिरवली आणि विटांकडे बोट दाखवून म्हणाले, "ये क्या मंदिर बन रहा है यहाँ? हटाइए. शाम तक गाड़ियाँ ख़ाली चाहिए."

चपरासी मला बाजूला घेऊन म्हणाला, "भिया, हाथ मत लगाओ. बाबूजी आएँगे तो अपनी खैर नी."

पण काका नेमावरला होते आणि साहेब समोर. जवळच्या भीतीने लांबच्या भीतीला खाल्लं. मी अकरा विटा काढल्या, जिन्याखाली रचल्या, आणि नवे बस्ते लावले. थोरलीच्या कपाट सात, खण तीनचा बस्ता मी आमच्या कपाट सात, खण तीनमध्येच ठेवला. आकडा आकड्याला जुळला म्हणून मला फार बरं वाटलं. कापड तर सगळ्यांचं खाकीच होतं.

चार दिवसांनी एक कागद आला. धारच्या पुढे, अमझेऱ्याच्या पलीकडे एका गावात सरकारी दवाखाना होता. तिथे रामलाल नावाचा एक तरुण कंपाउंडर लागला होता, मूळचा देवासचा. त्याला कायम करायचं होतं. पूर्वीचं काही बरंवाईट दफ्तरात आहे काय, एवढंच विचारलेलं. मी धाकटीची जुनी यादी काढली. रामलाल, बापाचं नाव मोतीलाल, दवाखान्यातील चौकशी, कपाट सात, खण तीन. मी खणात हात घातला. हाताला बस्ता लागला. आणि मी वाचायला लागलो.

रामलाल, बापाचं नाव मोतीलाल. औषधातून विषप्रयोग. गुन्हा शाबीत. सजा.

माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याबरोबर, लपवत नाही, थोडा अभिमानही वाटला. एवढा भयंकर माणूस आपण शोधून काढला! मी उत्तर लिहिलं, माझ्या सर्वांत सुरेख अक्षरात. साहेबांनी न वाचता सही केली आणि कागद रवाना झाला.

काका आले ते डोकं तासून, आणखी वाळून. कोट अडकवला, कपाटांसमोर गेले आणि थांबले.

"विटा?"

"जिन्याखाली, काका. साहेबांनी सांगितलं म्हणून..."

"किती?"

"अकरा."

ते ओरडले नाहीत. मला पहिल्या खणाशी घेऊन गेले. "इथून काही वाचलंत?" नाही, म्हटलं. दुसऱ्याशी. "इथून?" नाही. असं एकेक खण करत आम्ही चाललो होतो आणि सातवं कपाट पुढे मला दिसत होतं. तिथे आलो. "इथून?" मी हो म्हटलं आणि कंपाउंडरबद्दल काय लिहून पाठवलं ते सांगितलं.

काकांनी तो बस्ता सोडला, वाचला, मग नाश-यादी आणली आणि माझ्यापुढे उघडून धरली. त्यांच्याच अक्षरात होतं: दवाखान्यातली बाटली हरवल्याची चौकशी. पोरगा निर्दोष. बाटली दुसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या घरीच सापडली. कागद ठेवण्याचं कारण नाही.

"आणि हे वाचलंत?" त्यांनी खाकी बस्त्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं. तीस वर्षांपूर्वीचं प्रकरण. सजा झाली तेव्हा आरोपीचं वय पंचेचाळीस. थोरल्या पातीतला कुणी दुसराच रामलाल. "तुमचा कंपाउंडर तेव्हा पाळण्यात असेल. पाळण्यातल्या पोराने विष घातलं असं तुम्ही सरकारला कळवलंत."

एवढं बोलून ते जमिनीवरच बसले. त्यांना खाली बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं.

मला आधी माझीच काळजी पडली, हे कबूल करतो. नोकरी जाणार, धारला परत जावं लागणार, वडील ओरडणार. त्या कंपाउंडरचा विचार घरी जेवायला बसल्यावर आला आणि घास तसाच राहिला.

साहेब म्हणाले, "दुरुस्ती का पत्र डाल दीजिए, महीने-दो महीने में ठीक हो जाएगा." काकांनी पत्र लिहिलं, त्यावर सही घेतली, आणि ते टपालात न टाकता खिशात ठेवलं. मला म्हणाले, "उद्या सकाळच्या मोटारीने निघायचं. तुम्हीही."

मोटारीने इंदूर, तिथून धार, तिथून पुढे. माझं घर धारच्या स्टँडवरून चार पावलांवर, पण मी खाली उतरलोसुद्धा नाही. काका वाटेत एवढंच बोलले. "कागद मी परत आणीन. ऐकलेलं कोण परत आणणार?"

गावात पोचलो तो बाजाराचा दिवस होता. दवाखान्याचं दार उघडं, आत औषधं, बाहेर पायरीवर रामलाल एकटा. तिशीच्या आसपासचा पोरगेला माणूस, धुऊन धुऊन विरलेला पांढरा कोट. वरचा डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचा. एरवी सगळं हाच पाहायचा. आमचा कागद आला आणि कुणा शिपायाने तो गावभर केला. आदल्या महिन्यात गावात एक मूल तापाने गेलं होतं. लोकांनी दोन आणि दोन चार केले. रामलालच्या बायकोला विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, आदल्या संध्याकाळी दारावर दगड पडले होते. आम्ही कोण ते ऐकल्यावर तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "म्हने कंई कर्यो थो, बाबूजी?" मी काय केलं होतं, असं तो विचारत होता. माझ्या अक्षराचा हा प्रताप आहे हे मी सांगितलं नाही. काकांनी सांगितलं.

दोन देवासी बाबू आलेत म्हणताना बाजार पायरीशी गोळा झाला. पन्नास-साठ माणसं, काहींच्या हातात काठ्या. काकांनी पत्र काढून हिंदीत मोठ्याने वाचलं. त्यांचा चढलेला आवाज मी आयुष्यात तेवढाच ऐकला. वाचून झालं, कुणी हललं नाही. मग गावचा पटेल पुढे आला, शांत म्हातारा.

"कागद तो पेलां भी आयो थो, बाबूजी," तो म्हणाला. "ऊ भी तमारे यां सेज आयो थो. अब कूण सो साँचो मानां?"

दोन्ही कागद तुमच्याकडूनच आले, त्यातला खरा कोणता मानायचा, असा त्याचा सवाल होता. पटेलच पुढे म्हणाला, "इका हाथ की दवा तम पी ने बताओ. तो मानां."

काका क्षणभर थांबले. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवून मला पुढे ढकललं. "पहला काग़ज़ इन्होंने लिखा था. यही पिएँगे." आणि मला मराठीत म्हणाले, "व्हा पुढे."

रामलालने आतून मिक्श्चरची बाटली आणली, बाटलीवर चिकटवलेल्या कागदी पट्टीवरच्या डोसाच्या एका खुणेएवढं काचेच्या ग्लासात ओतलं. गुलाबी रंगाचं. त्याचा हात स्थिर होता. मी ग्लास घेतला, तोंडाशी नेला, आणि थांबलो.

मला सगळं ठाऊक होतं. खरा गुन्हेगार जिवंत असला तर पंचाहत्तरीचा असेल, हे ठाऊक होतं. नाश-यादी मी तीनदा वाचली होती. तरी त्या गुलाबी पाण्यात मला माझंच अक्षर दिसत होतं, विषप्रयोग, शाबीत, सजा, छान वळणदार. इतकं सुरेख लिहिलेलं खोटं कसं असेल, असं काहीतरी माझ्या आत कुणी म्हणत होतं. ग्लास ओठांपासून दोन बोटांवर होता आणि हात पुढे जाईना.

रामलालने ते पाहिलं. गर्दीला कळायच्या आत त्याने माझ्या हातातून ग्लास हळूच घेतला, अर्धा स्वतः प्यायला, कोटाच्या टोकाने ग्लासाची कड पुसली आणि परत माझ्या हातात दिला. "लो, बाबूजी." त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला परवडला असता. मी प्यायलो. आल्याची आणि पेपरमिंटची चव होती.

लोक थोडा वेळ उभे राहिले, मी पडतो की काय बघत. मग पांगले. एक खोकणारी म्हातारी तेवढी पायरीवर बसून राहिली आणि रामलाल तिच्याकडे वळला.

त्याची नोकरी टिकली. दगड पुन्हा पडले नाहीत, बायकोला पाणी मिळायला लागलं. पण वर्षाच्या आत त्याने बदली मागून घेतली, पार डहीकडे, जिथे आमचे दोन्ही कागद पोचले नव्हते. त्या बदलीची चौकशी परत आमच्याकडे आली, तेव्हा काकांनी माझ्याकडे न देता उत्तर स्वतः लिहिलं.

परतीच्या मोटारीत आम्ही शेजारी बसलो होतो. मोटार धारच्या पुढे आली. मग काका नेहमीच्या त्या हळू आवाजात म्हणाले, "त्याचं वय तुम्हाला ठाऊक होतं. यादी तुम्ही पाहिली होती."

"हो, काका."

"मग थांबलात का?"

"भीती वाटली."

आता ते काहीतरी बोलतील आणि ते मला जन्मभर पुरेल, म्हणून मी अंग चोरून बसलो. काका खिडकीबाहेर बघत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मलाही वाटली. पटेल बोलला तेव्हाच वाटली. म्हणून तर तुम्हाला पुढे केलं."